थायरॉइडचं ऑपरेशन झालं, आता पुढे काय?

‘ऑपरेशन छान झालं, दोन-तीन दिवसांत घरी सोडतो.’ सर्जनचं हे वाक्य ऐकलं की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. कुणीतरी चहा आणायला जातं, कुणीतरी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकतं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये मात्र लक्ष ठेवायचे दिवस इथूनच सुरू होतात. आणि हे लक्ष फक्त डॉक्टरांनी नाही, घरच्यांनीही ठेवायचं असतं. कारण जे काही बिनसायचं असतं ते बऱ्याचदा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी बिनसतं. तोपर्यंत पेशंट घरी पोहोचलेला असतो.

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा थायरॉइड कमी काम करतेय असा अर्थ असतो. वजन वाढतं, सुस्ती येते, सकाळी गोळी घ्यावी लागते. हा लेख त्याच्या उलट त्रासाबद्दल आहे. गळ्यासमोर फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. वजन फार तर २०-२५ ग्रॅम. ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडायला लागली की शरीराचं इंजिन रात्रंदिवस तापलेलं राहतं. भरपूर खाऊनही वजन उतरतं, बसल्या जागी छाती धडधडते, हात थरथरतात, इतरांना पंखा नको असतो तेव्हा आपल्याला घाम फुटतो. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ग्रेव्ह्ज डिसीज. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला चिथावत राहते. दुसरं कारण म्हणजे थायरॉइडमध्ये झालेल्या गाठी, ज्या कुणाचं न ऐकता हार्मोन बनवत सुटतात.

उपचार तीन. कार्बिमाझोलसारख्या गोळ्या, रेडिओॲक्टिव्ह आयोडीन आणि ऑपरेशन. बहुतेकांचं पहिल्या दोनांवर भागतं. ऑपरेशनची वेळ येते ती गळ्याची गाठ खूप मोठी होऊन श्वासनलिका दाबायला लागली, गाठीत कॅन्सरची शंका आली, गोळ्या सोसल्या नाहीत किंवा त्या बंद केल्यावर आजार परत उलटला तर. डोळ्यांचा त्रास जास्त असेल तर रेडिओॲक्टिव्ह आयोडीन टाळतात, कारण त्याने डोळे आणखी बिघडू शकतात. लवकर मूल हवं असणाऱ्या बाईलाही कधीकधी ऑपरेशनच सुचवलं जातं, कारण आयोडीननंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

घाई केली की वादळ

पेशंटचं म्हणणं असतं, ‘काढायचीच आहे ना, मग उद्याच काढा.’ पण जास्त चालणाऱ्या थायरॉइडवर तडकाफडकी सुरी लावत नाहीत. आधी गोळ्यांनी टी३ आणि टी४ ताळ्यावर आणतात, धडधड कमी करायला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. ग्रेव्ह्ज असेल तर शेवटचे दहाएक दिवस ल्यूगॉल आयोडीनचे थेंबही देतात. चव इतकी वाईट की ते सरबतात किंवा ज्यूसमध्ये घालून घ्यावे लागतात, पण त्याने ग्रंथीतला रक्तपुरवठा कमी होतो आणि ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आटोक्यात राहतो. ऑपरेशनपूर्वी आयोडीन देण्याची ही रीत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी १९२०च्या दशकात रुजवली.

ही तयारी नीट झाली नाही तर ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतरच्या काही तासांत ‘थायरॉइड स्टॉर्म’ येऊ शकतं. मराठीत याला सरळ थायरॉइडचं वादळच म्हणायला हवं. ताप भडकतो, नाडी बेफाम धावते, माणूस बरळायला लागतो. जिवावर बेतणारी ही अवस्था आज क्वचित दिसते, आणि त्याचं श्रेय या कंटाळवाण्या तयारीला आहे. म्हणून डॉक्टर तारीख दीड-दोन महिने पुढची देतात तेव्हा ‘टाळाटाळ करतायत’ असा संशय नको. आणि मधल्या काळात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करणं तर मुळीच नको.

पहिले २४ तास

सगळ्यांत धोक्याची, पण सुदैवाने कमी वेळा होणारी गोष्ट म्हणजे टाक्यांच्या आत रक्त साचणं. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच हे होतं आणि बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत. गळ्यात जागा कमी असते, त्यामुळे साचलेलं रक्त श्वासनलिकेवर दाब टाकतं. गळा घट्ट वाटणं, सूज वाढत जाणं, आडवं पडल्यावर गुदमरणं, श्वास घेताना आवाज येणं ही लक्षणं दिसली तर नर्सला त्या क्षणी हाक मारायची. राउंडची वाट बघायची नाही. वेळ आली तर डॉक्टर खाटेवरच टाके उघडतात, इतका मिनिटांचा प्रश्न असतो. रात्री पेशंटजवळ थांबणाऱ्या माणसाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आपल्याकडे सोबतीला असलेला माणूस रात्री दोन वाजता सिस्टरला उठवायला संकोचतो. इथे तो संकोच महागात पडतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी रोजची छोटी ॲस्पिरिनसुद्धा चालू असेल, तर ते सर्जनला आधीच सांगायचं.

तोंडाभोवती मुंग्या आल्या तर

आता सगळ्यात जास्त वेळा होणाऱ्या त्रासाबद्दल. हा गमतीदार वाटतो म्हणून फसवतो.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार इवल्याशा ग्रंथी चिकटलेल्या असतात. आकार मसुराच्या डाळीएवढा, रंग पिवळसर, आजूबाजूच्या चरबीत पटकन ओळखूही न येणाऱ्या. त्यांचं नाव पॅराथायरॉइड. नावात थायरॉइड असलं तरी त्यांचं काम अगदी वेगळं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. गंमत म्हणजे या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नाही, भारतातून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेलेल्या एका गेंड्यात. तो गेंडा १८४९ मध्ये मेला आणि शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड करताना गळ्यात ही पिवळी ग्रंथी टिपली. माणसातल्या पॅराथायरॉइडचं वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रोम या वैद्यकीय विद्यार्थ्याने प्रसिद्ध केलं. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तोवर थायरॉइड काढलेल्या काही पेशंटना झटके का येतात, हात का आखडतात, हे सर्जनना कळत नव्हतं.

थायरॉइड काढताना या ग्रंथी जागेवर राहिल्या तरी त्यांचा रक्तपुरवठा दुखावला जातो आणि त्या काही दिवस रुसून बसतात. रक्तातलं कॅल्शियम खाली यायला लागतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळ गाठतं. पूर्ण थायरॉइड काढलेल्यांपैकी सुमारे पाव जणांना हा तात्पुरता त्रास होतो. कायमचा राहण्याचं प्रमाण अनुभवी सर्जनच्या हातात शंभरात एक ते तीन इतकं असतं. ग्रेव्ह्जच्या पेशंटमध्ये हा त्रास जास्त होतो. कारण वाढलेल्या हार्मोनने हाडं महिनोन्महिने झिजलेली असतात. हार्मोन उतरलं की ती भुकेल्यासारखी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. डॉक्टर याला ‘हंग्री बोन’ म्हणतात, म्हणजे भुकेली हाडं. त्यात आपल्याकडे, इतकं ऊन असूनही, व्हिटॅमिन डीची कमतरता घरोघरी. म्हणून ऑपरेशनआधी डी तपासून ती भरून काढलेली चांगली.

लक्षणं कशी असतात? ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग पोटऱ्यांत गोळे, बोटं आखडून चोचीसारखी जवळ येणं. आणखी घसरलं तर झटका येऊ शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावशीचं थायरॉइड काढलं तेव्हा ती तिसऱ्या दिवशी घरी आली. त्याच रात्री तिला ओठांना मुंग्या यायला लागल्या. काका म्हणाले, अशक्तपणा आहे, लिंबूपाणी घे. शेजारच्या काकू म्हणाल्या, टेन्शन घेतलंस. मावशीलाही तसंच वाटलं, कारण तिला खरोखरच घाबरल्यासारखं होत होतं. तिच्या सुनेने डिस्चार्जचा कागद उलगडून वाचला. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत, मुंग्या आल्या तर लगेच या, असं लिहिलेलं होतं. हॉस्पिटलमध्ये कुणीही ते तोंडाने सांगितलं नव्हतं. तिने मावशीला गाडीत घातलं आणि थेट कॅज्युअल्टी गाठली. कॅल्शियम निघालं ६.८, जे साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. सलाइनमधून कॅल्शियम दिलं आणि पहाटेपर्यंत बोटं मोकळी झाली. मावशी आजही ती गोष्ट हसत सांगते, पण सून हसत नाही.

‘टेन्शन’ची गफलत का होते, तेही समजून घेऊ. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो आणि त्यानेही तोंडाभोवती मुंग्या येतात. दोन्हीतला फरक घरी बसून कळत नाही, रक्ताच्या तपासणीत कळतो. त्यामुळे थायरॉइड काढल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत आलेली मुंगी ही कॅल्शियमची आहे असंच धरून चालायचं. बरेच सर्जन ऑपरेशननंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पीटीएच नावाची तपासणी करतात. त्यावरून कुणाचं कॅल्शियम घसरणार याचा अंदाज बांधता येतो. काही जण सगळ्यांनाच सुरुवातीचे आठवडे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑलच्या गोळ्या देतात. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घेतली तर जास्त चांगली लागू पडते. आणि ‘दूध पितो की रोज’ म्हणून ती सोडायची नाही, दुधाने ही तूट भरत नाही. गोळ्या कधी कमी करायच्या हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

आवाज बसला, उठेल का?

थायरॉइडला लागूनच आवाजाची नस जाते. तिचा रस्ता विचित्र आहे. ती स्वरयंत्राजवळून थेट वळायचं सोडून खाली छातीकडे उतरते, तिथे मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्रात येते. डाव्या बाजूला तर ती थेट महाधमनीला वळसा घालून परतते. येताना ती थायरॉइडच्या पाठीमागून जाते, म्हणजे नेमकी सर्जनच्या वाटेत. तिला धक्का लागला, ती ताणली गेली तर आवाज घोगरा होतो, बोलताना हवा निसटते, पाणी पिताना ठसका लागतो.

पहिल्या दोन-चार दिवसांचा घोगरेपणा बऱ्याचदा भूल देताना घातलेल्या नळीमुळे असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांपर्यंत आवाज परत येतो. कायमची इजा अनुभवी सर्जनकडे शंभरात एकाच्या आसपास. दोन्ही बाजूंच्या नसा एकदम दुखावल्या तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. मग गळ्यात नळी बसवावी लागू शकते. हे अतिशय दुर्मीळ आहे, पण संमतीपत्रावर सही करताना हे वाक्य तुमच्यासमोर येईल, म्हणून सांगितलं. दोनेक आठवडे उलटूनही आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे स्वरपट्ट्या तपासून घ्या. स्पीच थेरपी लवकर सुरू केली तर फायदा होतो.

वरच्या पट्टीसाठी आणखी एक बारीक नस असते. तिला धक्का लागला तर रोजचं बोलणं ठीक राहतं, पण उंच स्वर लागत नाही, मोठ्याने हाक मारता येत नाही. इटालियन ऑपेरा गायिका अमेलिटा गाली-कुर्ची यांचं १९३५ मध्ये शिकागोत थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला तो या नसेमुळेच, असं सर्जरीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं ऐकत आले. पुढे काही अभ्यासकांनी जुनी रेकॉर्डिंग्ज आणि समीक्षणं तपासली आणि त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधीपासूनच उतरत होता असं मत मांडलं. खरं काय ते असो, या गोष्टीने सर्जनच्या कितीतरी पिढ्यांना त्या बारीक नसेची आठवण ठेवायला लावली. तुम्ही गात असाल, वर्गात शिकवत असाल, कॉल सेंटरवर काम करत असाल तर हे ऑपरेशनआधीच सर्जनला स्पष्ट सांगा. आपण कुठे दुखतं ते सांगतो, पोट कशावर भरतं ते सांगायचं राहून जातं.

आयुष्यभराची गोळी

पूर्ण थायरॉइड काढलं की शरीरात हार्मोन बनवणारं कुणी उरत नाही. याला गुंतागुंत म्हणायचं की ठरलेला परिणाम, यावर वाद घालता येईल, पण पेशंटला फरक पडत नाही. त्याला रोज गोळी घ्यायचीच आहे.

ही गोळी नव्हती तेव्हा काय व्हायचं? स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर हे थायरॉइड सर्जरीतलं सर्वांत मोठं नाव, त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीचं पूर्ण थायरॉइड काढलं. ऑपरेशन यशस्वी झालं. काही वर्षांनी पाहिलं तर तिची धाकटी बहीण उंच झाली होती आणि ही मात्र तेवढीच राहिली होती, चेहरा सुजलेला, हालचाली मंद. त्यांनी जुन्या पेशंटना परत बोलावून तपासलं, तेव्हा पूर्ण ग्रंथी काढलेल्या अनेकांची अशीच दशा दिसली. १८८३ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे मांडलं. गंमत बघा, व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्या पेशंटना हा त्रास फारसा व्हायचा नाही, पण त्यांचे हातपाय आखडायचे. दोघांचं काम पाहिलेले अमेरिकन सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी याचा अर्थ लावला तो असा: कोखर हळूहळू, नीटनेटकं काम करत, त्यामुळे थायरॉइड पूर्ण निघे आणि पॅराथायरॉइड वाचत. बिलरोथ झपाझप काम करत, त्यामुळे थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि पॅराथायरॉइड जात. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी थायरॉइड कमी पडलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षं जगली. आपल्या आजच्या छोट्या पांढऱ्या गोळीचं मूळ तिथे आहे.

लेव्होथायरॉक्सिनचा डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. आपल्या घरांत इथेच घोळ होतो, कारण डोळे उघडण्याआधी चहा हवा असतो. दुसरा घोळ ऑपरेशननंतरच्या महिन्यांत होतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच मुठीत घेतली की कॅल्शियम तिला आतड्यात अडवतं आणि औषध वाया जातं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम.

सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. मात्र थायरॉइड पूर्वी खूप जास्त चालत असेल तर टीएसएच बरेच आठवडे दबलेलंच राहतं. ते कमी दिसलं म्हणून डोस लगेच घटवायचा नसतो, सोबत फ्री टी४ बघावं लागतं. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा. त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, कधीकधी आजार उलटल्यासारखा दिसतो.

वजनाबद्दलही बोलू. आजारात भरपूर खायची सवय लागलेली असते आणि इंजिन आता शांत झालेलं असतं. त्यामुळे पाच-सात किलो वाढले तर त्यातले काही आजाराने नेलेलेच परत आलेले असतात. त्यापुढे वाढत राहिलं तर आधी डोस बघायचा, मग ताट.

ऑपरेशन कुणाकडे करायचं

अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार पेशंटच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला २५ पेक्षा जास्त वेळा पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंत कमी होते, असं त्यात दिसलं. हॉस्पिटलची लॉबी किती चकचकीत आहे यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. ‘तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. आपल्याकडे आता एंडोक्राइन सर्जरी ही वेगळी शाखा आहे. लखनौची एसजीपीजीआय, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा संस्थांत तिचे स्वतंत्र विभाग आहेत. जवळ असा तज्ज्ञ नसेल तर नियमित थायरॉइडची ऑपरेशन्स करणारे जनरल किंवा कान-नाक-घसा सर्जनही असतात. आणखी दोन गोष्टी विचारा: आवाजाच्या नसेसाठी मॉनिटर वापरता का, आणि रात्री मुंग्या आल्या तर फोन कुणाला करायचा?

जखमेची काळजी सोपी आहे. व्रण गळ्याच्या घडीत लपतो. पहिलं वर्षभर उन्हात सनस्क्रीन किंवा ओढणी. कातडीवर व्रण जाड होण्याची सवय असेल तर तेही सर्जनला सांगा.

मूल हवं असलेल्या मैत्रिणींसाठी मात्र एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती सहज निसटते. गर्भारपणात गोळीचा डोस वाढवावा लागतो, तोही पहिल्या काही आठवड्यांतच. शिवाय ग्रेव्ह्जमध्ये थायरॉइड काढलं तरी तिला चिथावणाऱ्या अँटिबॉडीज रक्तात पुढे बराच काळ राहू शकतात. त्या नाळेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि आईला काही त्रास नसतानाही बाळाची थायरॉइड जास्त चालू शकते. एका रक्ततपासणीतून या अँटिबॉडीज कळतात आणि त्या जास्त निघाल्या तर सोनोग्राफीत बाळावर नजर ठेवता येते. म्हणून गायनॅकॉलॉजिस्टना पहिल्याच भेटीत सांगा की तुमची थायरॉइड काढलेली आहे आणि ती ग्रेव्ह्जसाठी काढली होती. नुसतं ‘थायरॉइडची गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं तर ही तपासणी करायची असते हे त्यांच्या लक्षात यायला वाव राहणार नाही.